गरुड मोजायला गेलो, हाकलून आलो

दिवाळीनंतर लोक कुठे कुठे जातात. कोणी अष्टविनायक करतं, कोणी दुबईला जाऊन सोन्याची दुकानं बघून येतं. मी चिपळूणहून उठले आणि पाथर्डी तालुक्यातल्या एका उघड्याबोडक्या डोंगरावर पक्षी मोजायला गेले. परत आल्याला आता महिना होईल. माझ्या शिवणवर्गातल्या बायका अजून विचारतात, "काय गो, सहल कशी झाली?" आणि मी, जिची जीभ मशीनपेक्षा जोरात चालते असं माझे यजमान म्हणतात, ती मी गप्प होते. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

ही सगळी करणी माझ्या नणंदेची. शुभा पुण्याला असते, कॉलेजात शिकवायची, आता निवृत्त. हिला लग्नाआधीपासून पक्ष्यांचं खूळ. थंडी पडायला लागली की उत्तरेकडून, पार हिमालयाच्याही पलीकडून, शिकारी पक्षी खाली उतरतात. ससाणे, भोवत्या, गरुड. ते डोंगराच्या धारेवरून वाऱ्यावर तरंगत जातात. तेव्हा शुभासारखी माणसं डोंगरमाथ्यावर खुर्च्या टाकून बसतात आणि गेले किती ते मोजतात. तिची नेहमीची जोडीदारीण यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली. शुभाचा फोन आला, "वहिनी, आयुष्यभर सुईत दोरा ओवलायस, तुझ्यासारखी नजर कोणाची नाही. चल." स्तुतीला मी भुलते, हे तिला पक्कं ठाऊक.

मोजायचा नियम तिने गाडीतच शिकवला. अर्धं आभाळ तिचं, अर्धं माझं. पक्षी नुसता घिरट्या घालत असेल तर मोजायचा नाही, नाहीतर एकच दहादा मोजला जातो. खाली बसला तरी मोजायचा नाही. आपल्या डोंगराची धार ओलांडून दक्षिणेला गेला, की एक. मोजायला तिने माझ्या बोटात काय घातलं, तर नामजपाचं यंत्र! अंगठीसारखं असतं, बटण दाबलं की आकडा पुढे. मी म्हटलं, अगं, निदान देवाचं तरी नको. ती म्हणाली, देवाचीच पाखरं आहेत, दाब.

तिसगाव

तिसगावला उतरलो तो बाजाराचा दिवस होता. लिंबांचे ढीग, बाजरीची पोती, शेरडं, आणि डोळ्यात जाणारी धूळ. आम्हा कोकणातल्यांना वाटतं पाऊस संपला की दोन-तीन महिने तरी हिरवं राहणार. इथे दिवाळी होते न होते तोच माळ पिवळा पडलेला! मी बघतच राहिले. दूरच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत होत्या, आणि खाली एवढं ऊन की माझ्या छत्रीची काडी तापली.

न्यायला भाऊसाहेब आले होते, पिकअप घेऊन. गेल्या वर्षी शुभाने डोंगरावरून उतरताना यांच्या वस्तीवर पाणी मागितलं. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, जेवायला घातलं आणि रात्रीचं जाऊ दिलं नाही. तेवढीच ओळख. पन्नाशीचा उंच, काटक माणूस, डोक्याला टॉवेल. मला म्हणाले, "ताई, आमच्याकडं बघन्यासारखं काय न्हाई. पन गरुड दावल्याशिवाय तुमाला सोडत न्हाई."

गाव निम्मं कुलूपबंद. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला, माणसं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर घेऊन कारखान्यांवर गेलेली. भाऊसाहेबांच्या पडवीत खिळ्यांना ओळीने किल्ल्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी. गेलेल्या घरांच्या किल्ल्या यांच्याकडे. घरं बंद मला नवीन नाहीत, आमच्याकडे अर्धी आळी मुंबईत असते. पण अख्खं कुटुंब, तान्ह्या पोरासकट, पाच-सहा महिने पाचटाच्या खोपटात राहायला जातं हे ऐकून मी त्या किल्ल्या मोजल्या. भाऊसाहेबांच्या बायको, मंदाताई, सहज म्हणाल्या, आमीबी जायचो, हिरीला पानी लागल्यावर सुटलं.

मंदाताई ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. रात्री जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे शेंगोळे. हुलगा म्हणजे आपले कुळीथ हो! त्याच्या पिठाची वेटोळी लसणाच्या तिखट रश्श्यात शिजवलेली. चव अशी की नारळाशिवाय जेवण होतं यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला. तिखटाने मात्र कानातून वाफा आल्या. मी भीत भीत विचारलं, घासभर भात मिळेल का? मंदाताई चपापल्या, हात पुसत जवळ आल्या आणि विचारलं, "ताप हाय का ताई?" तिथे भात आजाऱ्याला करतात. शुभा हसून हसून लोळली.

चहा मात्र कोरा आला. गोठ्यात दोन जनावरं आणि चहाला दूध नाही? मग कळलं. हरणी नावाची त्यांची जर्सी गाय, घोडेगावच्या बाजारातून कालवड असताना आणलेली, ओल्या कोब्यावर घसरून पडली होती. पंधरवडा झाला, उठली नव्हती. मंदाताई रात्री तिच्याजवळच झोपत, दर थोड्या वेळाने तिची कूस बदलत. एका बाईने म्हशीएवढी गाय कशी कुशीवर वळवावी? मी बॅटरी घेऊन बघायला गेले. पोत्यात भुसा भरून त्याच्या उशा केल्या होत्या, आणि मंदाताई तिच्या मानेवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होत्या. शेजारी हरणीची लेक साखरी, पहिलटकरीण, गाभण, आईकडे टक लावून उभी होती.

माथ्यावर

सकाळी डोंगर चढलो. वर भैरोबाचं शेंदूर फासलेलं ठाणं, एक वाकडं बाभळीचं झाड, आणि वारा. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या भाऊसाहेबांनी स्वतः डोक्यावरून आणून ठेवल्या. उत्तरेकडे बघितलं तर पार क्षितिजापर्यंत मोकळं. कोकणात आभाळ बघायचं तर आधी झाड बाजूला करावं लागतं. इतकं आभाळ एकदम अंगावर आलं, की मी खुर्चीचे हात धरून बसले.

पण पक्षी कुठे? सकाळभर चार भोवत्या गेल्या. लांब पंखांच्या, हलक्या, गवतावरून डुलत जाणाऱ्या. एक खरुची, म्हणजे छोटा ससाणाच, हवेत जागच्या जागी फडफडत उभी राहिली. तिला बघून शुभा खूश. मला गरुड हवे होते. नेपाळी गरुड म्हणतात त्यांना, पंख उघडले की माझ्या कापडं बेतायच्या टेबलाएवढे, असं शुभाने सांगून ठेवलेलं. संध्याकाळपर्यंत एकही नाही. पाठ मोडली, नाक सोललं.

आमच्यापेक्षा भाऊसाहेबांचा चेहरा पडला. जणू पंक्तीत वाढायला उठले आणि भांड्यात काही नाही. उतरताना निम्म्या वाटेवर एक रुंद, सपाट खडक लागतो. तिथे थांबून ते सांगायला लागले, की त्यांच्या लहानपणी गावातलं मेलेलं ढोर इथे आणून ठेवायचे. घटकाभरात आभाळातून गिधाडं उतरायची. गिधाडं उतरली की ढोर मार्गी लागलं, असं म्हणायचे. मग गिधाडं यायची बंद झाली, ढोरं पडून सडायला लागली, आणि आता सगळे जेसीबीने खड्डा घेऊन मीठ टाकून पुरतात. गिधाडं का संपली, हे शुभाला ठाऊक होतं. ती तोंड उघडणार तेवढ्यात खालून मंदाताईंची हाक आली, आणि ते बोलणं राहून गेलं. ते राहून गेलं हे आजही मला सोसत नाही.

हाक कशाला होती? हरणीने मान टाकली होती.

हरणी

पहाटे ती गेली. मंदाताई मोठ्याने रडल्या नाहीत. तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, तोंडात भाकरीचा तुकडा ठेवला. साखरीने मात्र हंबरून गोठा डोक्यावर घेतला. दावं ओढता ओढता तिने खुराशी पाय मुरगळून घेतला आणि लंगडायला लागली. आम्ही दोघी अपराध्यासारख्या उभ्या. शुभा म्हणाली, आम्ही आजच निघतो. मंदाताईंनी नुसती मान हलवली, नको.

मंदाताईंचं म्हणणं होतं, हरणीला आपल्या वावरात लिंबाच्या झाडाखाली पुरावं. आणि इथे भाऊसाहेब बोलले. म्हणाले, हिला खडकावर ठेवू. ताई एवढ्या लांबून आल्यात, पाखरू दिसंना. वरून जाणाऱ्या गरुडांना खाली काही दिसलं तर उतरतील. पुरून तरी काय, मातीच खाणार.

मी हबकलेच! आमच्यासाठी? म्हटलं, अहो, असलं काही करू नका, आमचं काय, नाही दिसले गरुड तर नाही दिसले. शुभाही नको नको म्हणाली, पण खरं सांगते, तिच्या डोळ्यात एक चमक येऊन गेली. भाऊसाहेब ऐकेनात. पाहुण्याला रिकाम्या हाताने लावून देणं त्यांच्या रक्तात नाही. शेवटी सगळे मंदाताईंकडे बघायला लागले. त्या हरणीच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "नेऊ द्या. जल्मभर तिनं समद्यांना पाजलं. आता त्यांनाबी खाऊ द्या."

शेजारचा ट्रॅक्टर त्याच दिवशी कारखान्यावर निघायचा होता. जाण्याआधी त्याने हरणीला ट्रॉलीतून खडकावर पोचवलं. ती उतरवताना मी तोंड फिरवलं.

आले

त्या दिवशी कावळे, दोन कुत्री आणि एक पांढरं छोटं गिधाड, तेवढीच जात कुठे कुठे उरलेली, एवढेच. दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर उत्तरेकडे शुभाच्या अर्ध्या आभाळात एक ठिपका दिसला. मग त्याच्या मागे दुसरा. मग माझ्या अर्ध्यात चार. बघता बघता ते वाढायला लागले आणि एकात एक गोल फिरत आमच्या डोक्यावर आले. पंख हलवायचे नाहीत, नुसते पसरून टेकलेले वाऱ्यावर. शुभा खुर्चीवरून उठून उभी राहिली. मला तर बटण दाबायचंच सुचेना. आणि मग सगळ्यात खालच्याने पंख मिटले, पाय सोडले आणि तो खडकावर उतरला. धप्प असा आवाज वर आमच्यापर्यंत आला. बाई गं! एवढा मोठा पक्षी जमिनीवर माणसासारखा चालत जातो, हे मी कधी कल्पनेतही आणलं नव्हतं.

मागोमाग सगळे उतरले, वीस-बावीस तरी. चोचींची पिवळी कड दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होती. भांडत होते, पंख उगारत होते, मान मागे टाकून ओरडत होते. भाऊसाहेब जत्रेत कुस्ती बघावी तसे उकिडवे बसून बघत होते. संध्याकाळी मंदाताई वर आल्या. शुभाने त्यांच्या डोळ्यांना दुर्बीण लावली. त्या एकेक गरुड बघत गेल्या. मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, इतक्या लांबून आल्यात पाखरं, उपाशी असतील. त्या रात्री त्या नीट जेवल्या. भाऊसाहेबांनी आम्हाला बजावून सांगितलं, असे गरुड पुन्यात न्हाईत, चिपळूनात न्हाईत. मलाही वाटलं, धन्य झालो.

बाभूळ

त्यापुढच्या दिवशी गरुड आजूबाजूच्या उतारावर आणि झाडांवर बसून होते. शुभा म्हणाली, पोट भरलंय, सुस्तावलेत. मला हसू आलं, आमच्याकडेही श्राद्धाचं जेवून पुरुष असेच बसतात. आम्ही भोवत्या मोजत राहिलो.

हरणीला खडकावर ठेवल्याच्या चौथ्या सकाळी ऊन चढलं, वारा उठला, उडायला याहून चांगली वेळ नाही असं शुभाच म्हणत होती, तरी ते जागचे हलेनात. दुर्बिणीतून बघितलं तर एकाची मान खाली लोंबत होती. बसल्या बसल्या झोपलेल्या म्हाताऱ्यासारखी. तो ती वर उचलायचा, पुन्हा खाली. शुभाने दुर्बीण माझ्या हातून घेतली. तिने एकेक झाड बघितलं.

तेवढ्यात भैरोबाजवळच्या बाभळीवर बसलेला गरुड पडला. उडाला नाही, कोणी मारला नाही, वाऱ्याचा झोतही आला नाही, काही नाही. नुसता फांदीवरून सुटला आणि माझ्या खुर्चीपासून दहा हातांवर येऊन पडला. मी किंचाळले. पंख अर्धवट उघडे, डोळा उघडा, बघत होता माझ्याकडे. मग नाही बघितलं.  इतके दिवस ज्याला एकदा जवळून बघायला मिळावं म्हणून तळमळत होते, तो पायाशी होता आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

शुभाने एकच प्रश्न विचारला, भाऊसाहेबांना. "हरणीला औषध काय चालू होतं?"

"डॉक्टर यायचा की रोज. सुई द्यायचा. दुखायची."

शुभाने दुर्बीण गळ्यातून काढून खाली ठेवली. मग तिने सांगितलं. तेच, जे त्या संध्याकाळी खडकावर सांगायचं राहून गेलं होतं. दुखणं थांबवायच्या काही औषधांनी गाईला आराम पडतो, पण ती गाय मेली आणि गिधाडाने खाल्ली, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. गिधाडं संपली ती यानेच. ते औषध जनावरांना द्यायला बंदी आहे, तरी माणसांचं म्हणून मिळतंच. आणि गरुडालाही ते सोसत नाही. भाऊसाहेबांनी डोक्याचा टॉवेल काढला. म्हणाले, पन ताई, आता तर समदे पुरत्यात. कोन ठेवतंय उघड्यावर?

हेच तर! पुरलं असतं तर काही झालं नसतं. पुरायचंच ठरलेलं होतं. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवली.

शुभाने उत्तरेकडे बोट केलं. आभाळात पुन्हा ठिपके होते. नवे. आणि हरणी अजून निम्मी खडकावर होती.

गोफण

ट्रॅक्टर ऊस वाहायला गेलेला. पिकअप खडकापर्यंत चढत नाही. भाऊसाहेब जेसीबी आणायला तिसगावकडे पळाले, तोपर्यंत राखण आमच्यावर. शुभाने वनखात्याला फोन लावला, आणि आम्ही दोघी धावत, घसरत, अक्षरशः बसून सरकत खडकावर आलो. वास असा की डोळ्यांतून पाणी. बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून आणून हरणीवर टाकायला लागलो. माझे हात रक्ताळले. इतक्यात खालून मंदाताई आल्या. भाऊसाहेबांनी जाता जाता त्यांना सांगितलं होतं. हातात स्टीलचं ताट आणि खांद्यावर गोफण, ज्वारीवरची पाखरं हाकलायची.

पहिला गरुड खाली यायला लागला. मंदाताईंनी गोफणीत दगड घातला, डोक्यावरून गरगरा फिरवली आणि सोडली. दगड त्याच्या बराच खालून गेला, पण सुटताना गोफणीचा जो आवाज झाला तो बंदुकीसारखा डोंगरावर आपटला. गरुड दचकून वर गेला. मी ताट बडवायला लागले. शुभा, जिने आयुष्यात पक्ष्यासमोर कोणाला मोठ्याने बोलू दिलं नाही, ती ओढणी फिरवत बोंबलत होती, "जा! जा ना रे, जा!" आणि रडत होती.

मला ते दृश्य अजून खरं वाटत नाही. ज्यांना बघायला आलो त्यांनाच तीन बायका दगड मारून हाकलत होत्या. ते घोंगावत खाली यायचे, सावली अंगावरून जायची, गोफण कडाडायची, ते उठायचे. उपाशी होते बिचारे, हजारो कोसांवरून आलेले. एकेक जण कंटाळून वर चढायचा, मोठा गोल घ्यायचा आणि धारेवरून पलीकडे, दक्षिणेला. आणि माझं बोट, बघा काय सवय असते, आपोआप बटण दाबत होतं. दर वेळी मी मोठ्याने म्हणत होते, गेला, वाचला. सतरा गेले. त्या यंत्रावरचा हा एकच आकडा मला पाठ आहे.

दुपार कलली तेव्हा आभाळ रिकामं झालं. आम्ही तिघी खडकावर बसलो. आजूबाजूच्या उतारावर आदल्यांपैकी नऊ पडलेले आम्हाला दिसत होते, काही अजून बसून होते, मान खाली घालून. ते आमच्या मोजणीत कुठेच येणार नव्हते. बसलेला मोजायचा नाही, गेला तर मोजायचा.

मंदाताईंनी गोफण मांडीवर गुंडाळली आणि शुभाला विचारलं, "माझ्या हरणीनं मारलं का वो त्यांना?"

"हरणीने नाही," शुभा म्हणाली. "औषधाने."

"औशद तर मीच देया लावलं. डॉक्टर म्हनला हुता, वाचायची न्हाई, कशाला रोज सुई. मीच म्हनले, तिचं दुखनं बघवत न्हाई, द्या."

 मी त्यांचा हात धरला. माझ्या हाताचं रक्त त्यांच्या हाताला लागलं, दोघींनीही पुसलं नाही. आजाऱ्या गाईची कळ सोसवली नाही म्हणून सुई, आणि पाहुण्याचा हिरमोड सोसवला नाही म्हणून खडक. यात वाईट वागलं कोण, मला सांगा. मी शोधून शोधून थकले.

जेसीबी संध्याकाळी आला. खडकाखालीच मऊ जागा बघून खोल खड्डा घेतला, मीठ टाकलं, हरणीला लोटलं. वनखात्याची माणसं आली. त्यांनी मेलेले गरुड पोत्यांत घातले, जिवंत होते ते खोक्यांत घालून उपचाराला नेले आणि तपासणीला नमुने घेतले. त्यांचा अहवाल अजून आलेला नाही. खोक्यांतल्यांपैकी दोन वाचले असं शुभाला नंतर कळलं.

निघताना

सकाळी आम्ही पिशव्या भरून अंगणात बसलो होतो. एसटी तिसगावहून होती, भाऊसाहेब पिकअप पुसत होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. गोठ्यात साखरीचा पाय रात्रीतून चांगलाच सुजला होता. ती तो टेकवत नव्हती, आणि मधून मधून असा आवाज काढत होती की हातातला चहा पिववेना.

मोटरसायकल आली. हरणीला सुई देणारा तोच डॉक्टर, साखरीच्या पायासाठी आलेला, खांद्याला बॅग. तरुण होता, हसऱ्या चेहऱ्याचा, मला वाटलं होतं तसा राक्षस वगैरे मुळीच नव्हता. डोंगरावरचं त्याच्या कानावर गेलं नव्हतं. त्याने साखरीचा पाय दाबून बघितला, म्हणाला, सूज हाय, दुखत असनार, एक सुई देतो, तासात टेकवंल. बॅगेतून बाटली काढली.

मंदाताई त्याच्या आणि साखरीच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"ही सुई गरुडाला चालती का?"

डॉक्टर हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याने भाऊसाहेबांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि त्याचं हसू उतरलं. भाऊसाहेबांनी दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टरने बाटली हातात फिरवून बघितली आणि खाली मान घालून म्हणाला, दुसरं येतं एक, गिधाडाला चालनारं, पन माझ्याजवळ न्हाई. पाथर्डीला जावं लागंल, दुपार व्हईल. तोवर हिला दुखंल. आणि काकू, ही काय मरनार न्हाई, हिच्यासाठी कशाला?

मंदाताईंनी साखरीकडे बघितलं. ती पुन्हा हंबरली. हीच बाई, जिला गाईचं दुखणं बघवत नव्हतं. त्यांचा हात साखरीच्या पाठीवर होता. मी मनात म्हटलं, देऊ द्या हो, नुसता मुरगळलेला पाय आहे, देऊ द्या. 

"पाथर्डीला जा," मंदाताई म्हणाल्या. "दुपारपतूर आमी बघतो."

डॉक्टरने बाटली बॅगेत टाकली आणि मोटरसायकल वळवली. मंदाताईंनी चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि साखरीच्या पायाशी बसून शेक द्यायला लागल्या. आमची एसटी गेली. मी पदर खोचला आणि दुसरी पट्टी गरम पाण्यात बुडवली.